उन्हाळी उद्यानसंवर्धन

उन्हाळी उद्यानसंवर्धन : अतिउष्ण व कोरड्या ऋतूत उद्यानातील वनस्पती जिवंत, निरोगी व शक्य तितक्या फुललेल्या ठेवण्यासाठी करावयाच्या कृतींना उन्हाळी उद्यानसंवर्धन म्हणतात. वनस्पतींची निवड, मृदेची पूर्वतयारी, पाणी देण्याची पद्धत, आच्छादन, सावली, रोग व किडी यांपासून संरक्षण आणि पावसाळा सुरू होईपर्यंतची देखभाल यांचा त्यात समावेश होतो. समशीतोष्ण देशांत उद्यानाच्या कसोटीचा काळ हिवाळा असतो. भारतीय द्वीपकल्पाच्या अंतर्भागात ही कसोटी मार्च ते जून या महिन्यांत लागते आणि महाराष्ट्रात ती विदर्भात, विशेषतः चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत, सर्वांत कडक असते. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुका हे याचे चांगले उदाहरण आहे. तेथील तीव्र ऊन, चुनखडीयुक्त काळी जमीन व उन्हाळ्यातील पाणीटंचाई या तिन्ही गोष्टींचा विचार केल्याशिवाय बाग टिकत नाही. अशा प्रदेशात बाग जगते ती मुख्यतः पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत केलेल्या तयारीवर. मे महिन्यात ओतलेल्या पाण्याचा वाटा त्या मानाने कमी असतो.

हवामान व मृदा : कोरपना तालुका चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, पैनगंगा नदी व माणिकगड डोंगर यांच्या दरम्यान, तेलंगणाच्या सीमेलगत आहे. येथील उन्हाळा मार्चमध्ये सुरू होतो व मेच्या उत्तरार्धात पराकोटीला पोहोचतो. भारतीय हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात कमाल तापमान ४५° से. वा त्याहून अधिक झाल्यास उष्णतेची लाट व ४७° से. वा अधिक झाल्यास तीव्र लाट मानतात. चंद्रपूर येथे मे महिन्यात ४५° से. ही मर्यादा वारंवार ओलांडली जाते व काही वर्षी तापमान ४८° से. च्या आसपास जाते. सूर्याने रोहिणी नक्षत्रात प्रवेश केल्यानंतरच्या पहिल्या नऊ दिवसांना (सु. २५ मे ते २ जून) विदर्भात ‘नवतपा’ म्हणतात, बागेच्या दृष्टीने हा काळ सर्वांत कठीण असतो. दिवसा कोरडे उष्ण वारे वाहतात आणि रात्रीही हवा पुरेशी थंड होत नाही. वार्षिक पाऊस सु. १,२०० मिमी. म्हणजे कमी नाही. परंतु त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पाण्याची एकूण आवक पुरेशी असली, तरी ती गरजेच्या काळी हाती नसते, ही येथील खरी अडचण होय.

तालुक्याच्या भूस्तरात पैनगंगा समूहाचा चुनखडक असून काही भागात त्यावर बेसाल्टाचे थर आहेत. चुनखडकामुळे गडचांदूर, आवारपूर इ. ठिकाणी सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. मृदा बहुतांशी काळी, भारी व चुनखडीयुक्त असून कापूस, सोयाबीन व तूर ही तिच्यातील प्रमुख पिके आहेत. ही मृदा पाणी भरपूर धरून ठेवते. चांगल्या खोल काळ्या जमिनीत मीटरभर खोलीच्या थरात १५० ते २०० मिमी. पाणी वनस्पतींना उपलब्ध होईल अशा स्वरूपात साठू शकते. मात्र सुकताना ती आकसते व तिला खोल भेगा पडतात. या भेगांतून खालच्या थरांतील ओल निघून जाते व मुळे तुटतात. मे महिन्यात उघड्या काळ्या जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान दुपारी ६०° से. पेक्षाही अधिक होऊ शकते. विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी चुनखडकाच्या भागात बहुधा जड असते; त्याचे परिणाम पुढे दिले आहेत.

उष्णतेचा वनस्पतींवरील परिणाम : वनस्पती पानांवरील त्वग्रंध्रांतून (सूक्ष्म छिद्रांतून) पाण्याची वाफ बाहेर टाकते. या बाष्पोच्छ्‌वासामुळे पान थंड राहते. मुळांकडून येणारे पाणी कमी पडू लागले, की त्वग्रंध्रे मिटतात. त्यामुळे पाण्याचा व्यय थांबतो; परंतु पानाचे थंड होणेही थांबते व उन्हातील पान भोवतालच्या हवेपेक्षा अधिक तापते. त्याच वेळी कार्बन डाय-ऑक्साइड आत येणे बंद झाल्याने अन्ननिर्मिती खुंटते. पानाचे तापमान ४५° ते ५०° से. झाल्यास पुष्कळ वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषण यंत्रणेला इजा होऊ लागते. पानांच्या कडा करपणे, कळ्या गळणे, फुले लहान येणे व त्यांचे रंग फिके होणे ही त्याची दृश्य लक्षणे होत. हवा फार तापलेली असताना परागकण निकामी होत असल्याने फुले येऊनही फळे धरत नाहीत.

दुपारी पाने लोंबली म्हणजे झाड तहानलेले आहेच, असे नाही. मुळांशी ओल असतानाही पाण्याचा पुरवठा व्ययाच्या वेगाला पुरा पडत नसल्यास पाने तात्पुरती मलूल होतात व सायंकाळनंतर पूर्ववत होतात. सूर्योदयापूर्वीही पाने मलूल दिसली, तर मात्र मुळांजवळची ओल संपली आहे असे समजावे व त्याच दिवशी पाणी द्यावे. ही खूण लक्षात न घेता दुपारी मलूल पानांकडे पाहून रोज पाणी घातल्यास भारी जमिनीत मुळे गुदमरतात व कुजतात. उन्हाळ्यात मरणाऱ्या झाडांपैकी काही अतिपाण्याने मरतात, ते यामुळेच.

वनातील नमुना : चंद्रपूर जिल्ह्यातील साग व त्याच्या सोबतीच्या वृक्षांची शुष्क पानझडी वने उन्हाळ्याला तोंड कसे देतात, हे उद्यानाच्या आखणीसाठी मार्गदर्शक ठरते. फेब्रुवारी-मार्चपासून यांतील पुष्कळ वृक्ष पाने टाकतात व बाष्पोच्छ्‌वास थांबवितात. खोल गेलेली मुळे व खोडात साठलेले पाणी यांच्या बळावर अनेक जाती पावसापूर्वीच फुलतात. पळस निष्पर्ण अवस्थेत फेब्रुवारी-मार्चमध्ये केशरी होतो. त्याच सुमारास खडकाळ टेकड्यांवर गणेर पिवळ्या फुलांनी दिसून येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळे घोस धारण करतो. कडुनिंब व करंज यांना ऐन उन्हाळ्याच्या तोंडी नवी पालवी येते. म्हणजे या प्रदेशातील निसर्गाचा रंगाचा ऋतू उन्हाळा हाच आहे. उद्यान ओसाड दिसते त्याचे कारण पुष्कळदा असे असते, की त्यात हिवाळी फुलझाडांचे व पाण्याची हाव असलेल्या हिरवळीचे प्रमाण अधिक ठेवलेले असते. रंगाचा भार वृक्ष, झुडपे व वेली यांच्यावर सोपविल्यास थोड्या पाण्यातही बाग फुललेली राहते.

वनस्पतींची निवड : वृक्षांपैकी बहावा (लॅ. कॅसिया फिस्चुला, कुल-फॅबेसी) हा सर्वांत योग्य होय. गुलमोहर (लॅ. डेलोनिक्स रेजिया) हा मूळचा मादागास्करचा असून एप्रिल ते जूनपर्यंत लाल फुलांनी भरतो, परंतु त्याची मुळे उथळ व लाकूड ठिसूळ असल्याने वळवाच्या वादळात फांद्या मोडतात, म्हणून तो घरापासून व विजेच्या तारांपासून दूर लावतात. सोनमोहर पिवळ्या फुलांसाठी व दाट सावलीसाठी लावतात. पांढरा चाफा जाड, रसाळ फांद्यांत पाणी साठवीत असल्याने कोरड्या जागी तग धरतो. तामण (लॅ. लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओजा) हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प एप्रिल ते जूनमध्ये जांभळ्या फुलांनी शोभते, त्याला ओलावा लागतो, म्हणून ते विहीर, नाली वा न्हाणीच्या पाण्याजवळ लावावे. सावलीसाठी कडुनिंब व करंज हे वृक्ष बागेच्या पश्चिमेस व नैर्ऋत्येस लावल्यास दुपारनंतरचे कडक ऊन अडते.

वेली व झुडपे यांत बोगनवेल अग्रगण्य आहे. तिचे रंगीत भाग म्हणजे फुले नसून फुलांभोवतीची छदे (रूपांतरित पाने) होत. पाण्याचा माफक ताण बसल्यावर तिला बहर अधिक येतो. वारंवार पाणी व नत्रयुक्त खत दिल्यास पाने वाढतात व रंग कमी होतो. कण्हेर, पिवळी कण्हेर (बिट्टी) व घंटीफूल (टिकोमा) ही झुडपे उष्ण वारा सहन करतात. कण्हेर व बिट्टी यांचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले व शेळ्यामेंढ्या यांचा वावर असलेल्या ठिकाणी ती लावू नयेत.

मोगरा (लॅ. जॅस्मिनम सॅम्बॅक, कुल-ओलिएसी) हे उन्हाळ्याचे खास फुलझाड होय. त्याचा बहर शिस्तीने घेता येतो. डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडून झाडांना ताण देतात; पाने गळू लागल्यावर छाटणी करून मुळांजवळची माती हलकी उकरतात आणि जानेवारीअखेर शेणखत घालून पाणी सुरू करतात. नव्या फुटींवर मार्चपासून कळ्या येतात व जूनपर्यंत फुले मिळतात. ताणाची व पाण्याची वेळ चुकल्यास नुसती पालवी वाढते.

हंगामी फुलझाडांपैकी चिनी गुलाब (लॅ. पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा), बटनफूल (लॅ. गॉम्फ्रेना ग्लोबोजा), कोचिया व रंगीत पानांचा माठ या वनस्पतींची कार्बन स्थिरीकरणाची पद्धती इतर बहुसंख्य फुलझाडांहून वेगळी असते. तिच्यामुळे त्वग्रंध्रे अंशतः मिटलेली असतानाही त्या अन्न तयार करू शकतात व तेवढ्याच पाण्यात अधिक वाढतात. झिनिया, गलांडा, सूर्यफूल, कोंबडा व सदाफुली हीही उन्हाळ्यात चालतात. सदाफुलीला कोरडेपणा सोसतो, पण मुळांशी पाणी साचलेले सोसत नाही. या सर्वांचे बी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत पेरून रोपे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत जागेवर लावावी लागतात. एप्रिलमध्ये लावलेली कोवळी रोपे क्वचितच जगतात. पिटुनिया, पॅन्सी इ. हिवाळी फुलझाडे मार्चअखेर संपतात. ती पाणी घालून लांबविण्यापेक्षा काढून टाकून वाफे आच्छादावेत.

पाण्याचा हिशेब : उन्हाळी उद्यानाचा प्रश्न शेवटी पाण्याच्या वाटणीचा आहे. मे महिन्यात विदर्भात उघड्या पात्रातील पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसास १० मिमी. पेक्षा अधिक घटते. एक चौ.मी. क्षेत्रावर १ मिमी. पाणी म्हणजे १ लि. होय. हिरवळीला या बाष्पीभवनाच्या सु. तीन-चतुर्थांश पाणी लागते असे धरल्यास १०० चौ.मी. हिरवळ ताजी ठेवण्यास दिवसाला किमान ७५० लि. पाणी हवे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशन या योजनेत ग्रामीण भागातील घरगुती पुरवठ्यासाठी दरडोई दररोज ५५ लि. पाणी हे प्रमाण धरले आहे. म्हणजे एवढ्याशा हिरवळीला सु. १४ माणसांचे पाणी लागते. विहिरी आटत असताना असा व्यय समर्थनीय ठरत नाही. याउलट १०० चौ.मी. जागेत एक-दोन वाढलेले वृक्ष, आठ-दहा झुडपे, दोन वेली व थोडे आच्छादित वाफे असल्यास त्याच्या लहानशा अंशात भागते. कारण मोठे वृक्ष खालच्या थरांतील ओल वापरतात आणि पाणी सर्व पृष्ठभागाला न देता मुळांच्या जागीच द्यावे लागते.

कोरड्या प्रदेशांतील इतर देशांनीही असाच मार्ग काढला आहे. अरबस्तान व उत्तर आफ्रिका यांतील मरूद्यानांत खजुराच्या उंच झाडांखाली फळझाडे व त्यांखाली भाजीपाला अशी तीन मजली लागवड असते. वरचा थर खालच्या थराला ऊन व वारा यांपासून वाचवितो. अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा खात्याने १९८१ मध्ये अल्प पाण्यावरील उद्यानाची ‘झेरिस्केप’ ही संकल्पना मांडली. तीत हिरवळीचे क्षेत्र मर्यादित ठेवणे, समान गरजेच्या वनस्पती एकत्र लावणे व जमीन आच्छादणे यांवर भर आहे.

घरगुती बागेसाठी पाण्याचे दोन दुर्लक्षित स्रोत आहेत. न्हाणीचे व भांडी धुण्याचे पाणी गोटे व वाळू भरलेल्या खड्ड्यातून गाळून कर्दळ, केळ, अळू, तामण यांना देता येते. परसबागेत, म्हणजेच पूर्व विदर्भातील सांदवाडीत, न्हाणीजवळ केळ व अळू लावण्याची जुनी रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. मात्र कपडे धुण्याच्या पावडरीतील सोडियमामुळे काळी जमीन चोपण होऊ शकते, म्हणून हे पाणी एकाच जागी सतत सोडू नये. दुसरा स्रोत छपरावरील पावसाचा होय. ५० चौ.मी. छपरावर १,२०० मिमी. पावसात ६०,००० लि. पाणी पडते व त्याचे सु. ८० टक्के गोळा होऊ शकते. ते सर्व साठविणे अशक्य असले, तरी गाळून विहिरीत वा शोषखड्ड्यात सोडल्यास त्याचा काही भाग उन्हाळ्यात परत मिळण्याची शक्यता वाढते. पावसाचे पाणी जड नसल्याने कुंड्यांतील झाडांसाठी ते अधिक चांगले.

पूर्वतयारी : नवी लागवड जुलै-ऑगस्टमध्ये, जमीन फुगून भेगा मिटल्यावर करतात. अशा रोपांना मुळे खोल नेण्यास उन्हाळ्यापूर्वी सात-आठ महिने मिळतात. खड्ड्यात चांगले कुजलेले शेणखत वा कंपोस्ट मिसळतात. त्यामुळे भारी माती भुसभुशीत होते व तिची ओल धरण्याची व सोडण्याची क्रिया सुधारते. पावसाळ्यानंतर पाणी थोडे देऊन पाळ्यांतील अंतर हळूहळू वाढवितात. यामुळे मुळे खाली ओलीच्या शोधात जातात. हिवाळाभर रोज वरवर पाणी मिळालेल्या झाडाची मुळे पृष्ठभागालगत राहतात व एप्रिलमध्ये तीच प्रथम भाजतात. छाटणी, कुंड्या बदलणे व रोपे हलविणे ही कामे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकतात. एप्रिल-मेमध्ये छाटणी केल्यास आतील खोड व फांद्या एकाएकी उन्हात येऊन साल तडकते. कोवळ्या वृक्षांच्या खोडांना म्हणूनच चुना लावतात वा गोणपाट गुंडाळतात.

काळ्या जमिनीत भेगा पडू लागताच वरचा ५ ते ७ सेंमी. थर खुरप्याने हलवून भेगा बुजवितात. शेतकरी कापसात डवरणी करून हेच साधतो. हलविलेल्या कोरड्या मातीचा थर खालच्या ओलीवर झाकणासारखा काम करतो.

पाणी देण्याच्या पद्धती : पाणी पहाटे वा सूर्यास्तानंतर देतात. थोडे व वारंवार देण्यापेक्षा ३० ते ४५ सेंमी. खोलीपर्यंत ओल जाईल असे व पाळ्यांत अंतर ठेवून देणे हितावह असते. वाढलेल्या झाडांची बहुतेक शोषक मुळे खोडाजवळ नसून फांद्यांच्या घेराखाली असतात, म्हणून आळे त्या घेराच्या कडेला करतात. खोडाला मातीची भर देऊन पाणी त्याला लागू देत नाहीत.

मडका सिंचन ही अल्प खर्चाची व परिणामकारक पद्धती आहे. झिलई न केलेले, ५ ते ७ लि. पाण्याचे मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरतात व तोंड झाकतात. मातीत ओल कमी झाली, की मडक्याच्या भिंतींतून पाणी झिरपते. माती ओली असताना झिरपणे मंदावते. त्यामुळे झाडाला गरजेप्रमाणे पाणी मिळते व पृष्ठभाग कोरडा राहिल्याने बाष्पीभवन व तण दोन्ही कमी होतात. मडके तीन ते पाच दिवसांनी भरावे लागते. इ. स. पू. पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथातही या पद्धतीचे वर्णन आढळते. जड पाण्यातील क्षारांमुळे काही हंगामांनी मडक्याची छिद्रे बुजतात. तेव्हा ते घासून स्वच्छ करावे किंवा बदलावे. ठिबक सिंचनातही हाच दोष उद्भवतो. तोट्यांवर चुन्याचा पांढरा थर दिसताच त्या काढून सौम्य आम्लात बुडवून धुतात. ताशी ४ लि. पाणी देणारी तोटी दोन तास चालविल्यास झुडपाला ८ लि. पाणी मिळते.

आच्छादन : जमिनीवर ७ ते १० सेंमी. जाडीचा सेंद्रिय थर पसरल्यास पृष्ठभागाचे तापमान पुष्कळ उतरते व बाष्पीभवन घटते. वाळलेली पाने, सोयाबीनचे व तुरीचे कुटार, भाताचा पेंढा व गवत ही कोरपना परिसरात सहज मिळणारी आच्छादने होत. सागाची मोठी पाने चांगली झाकण घालतात. मात्र त्यांचे थर एकमेकांना चिकटून पाणी अडवितात, म्हणून ती चुरून वापरावीत. कापसाची पऱ्हाटी वापरताना विशेष काळजी घ्यावी लागते. तिच्यावरील न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते व पुढील हंगामात पिकावर जाते. त्यामुळे बोंडे वेचून नष्ट केल्याशिवाय व बारीक तुकडे केल्याशिवाय पऱ्हाटी बागेत साठवू नये. आच्छादन खोडापासून ८ ते १० सेंमी. दूर ठेवतात, तसे न केल्यास वाळवी त्याच्या आडोशाने सालीवर चढते. ओलसर थराखाली विंचू व साप आश्रय घेतात आणि कोरडा थर पेट घेऊ शकतो, म्हणून दारालगत व चुलीजवळ आच्छादन पसरत नाहीत.

सावली : कोवळी रोपे, जास्वंद, गुलाब व पानांच्या शोभेची झाडे यांना सकाळचे ऊन व दुपारची सावली मानवते. बांबूच्या सांगाड्यावर पळसाच्या डहाळ्या, गवत किंवा तुराट्यांचे ताटवे टाकून केलेला मांडव या भागात अल्प खर्चात उभा राहतो. सु. ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळीही वापरतात. जाळी झाडांना टेकू न देता निदान अर्धा मीटर वर बांधतात, नाहीतर तापलेली जाळी पाने भाजते. नैर्ऋत्य बाजूस तुराट्यांचा उभा ताटवा लावल्यास उष्ण वारा अडतो. वाऱ्याचा वेग कमी झाला, की बाष्पोच्छ्‌वासही कमी होतो. फुलणाऱ्या झाडांवर फार दाट सावली केल्यास फुले कमी येतात, म्हणून मांडव विरळ ठेवतात.

कुंड्या : कुंडीतील मातीला जमिनीसारखा खोल साठा नसल्याने ती सर्वांत आधी सुकते. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या व पत्र्याचे डबे उन्हात इतके तापतात, की कडेची मुळे मरतात. मातीच्या कुंड्या झिरपण्यामुळे थंड राहतात, पण त्यांना पाणी अधिक लागते. कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधली पोकळी वाळूने भरल्यास व ती वाळू ओली ठेवल्यास दोन्ही अडचणी कमी होतात. कुंड्या भिंतीच्या पूर्वेस व एकमेकींजवळ ठेवाव्यात. सिमेंटच्या गच्चीवर त्या थेट न ठेवता विटांवर वा फळ्यांवर ठेवतात.

पोषण, रोग व किडी : कडक उन्हाळ्यात रासायनिक खते, विशेषतः नत्रयुक्त खते, देत नाहीत. त्यांमुळे कोवळी पालवी फुटते व तीच प्रथम करपते. चुनखडीयुक्त जमिनीत व जड पाण्यावर वाढणाऱ्या गुलाब, जास्वंद, एक्झोरा यांची कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. हा लोहाच्या अभावाचा परिणाम होय. मृदेत लोह असते, पण अल्कधर्मी अवस्थेत ते मुळांना घेता येत नाही. सेंद्रिय खत व पावसाच्या पाण्याचा वापर हा यावरील टिकाऊ उपाय आहे. तात्पुरता उपाय म्हणून हिराकसाचा ०·५ टक्का विद्राव सायंकाळी फवारतात.

खाणी, कारखाने व अवजड वाहतुकीचे रस्ते यांच्याजवळच्या बागांत पानांवर चुनखडीची व सिमेंटची धूळ बसते. ती प्रकाश अडविते व त्वग्रंध्रे बुजविते. ओल मिळाल्यावर तिचे कठीण पापुद्रे बनतात. धूळ कोरडी असतानाच झटकून मग आठवड्यातून एकदा पहाटे पाने धुतात. रस्त्याच्या बाजूस करंज व कण्हेर यांची दाट रांग लावल्यास आतील झाडांवर धूळ कमी येते. कण्हेरीबाबत वर दिलेली सावधगिरी येथेही पाळावी लागते.

कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी, फुलकिडे व पिठ्या ढेकूण यांचा उपद्रव वाढतो. कोळी पानांच्या खालच्या बाजूस बारीक जाळी विणून रस शोषतात व पाने तांबूस-करडी होतात. पानांच्या खालच्या बाजूवर पहाटे पाण्याचा जोरदार फवारा मारल्याने कोळी पुष्कळ कमी होतात. ५ टक्के निंबोळी अर्कही उपयुक्त असतो. त्यासाठीच्या निंबोळ्या मागील पावसाळ्याच्या तोंडी गोळा करून सावलीत वाळवून ठेवाव्या लागतात. गंधक व तेलयुक्त औषधे भर उन्हाळ्यात फवारल्यास पाने जळतात.

हिरवळ ठेवावयाचीच असल्यास ती हरळीची व लहान क्षेत्रात ठेवतात. उन्हाळ्यात ती ४ ते ५ सेंमी. उंचीवर कापतात, कारण उंच पाती मुळांवर सावली धरतात. पाणी बंद केल्यास हरळी पिवळी पडते. पण तिची जमिनीतील खोडे जिवंत असतात व पहिल्या पावसानंतर ती पुन्हा हिरवी होते. तेव्हा टंचाईच्या वर्षी हिरवळ सुकू देणे म्हणजे ती गमावणे नव्हे. पाणी कमी पडू लागल्यास प्रथम हिरवळीचे, मग हंगामी फुलांचे व नंतर जुन्या झुडपांचे पाणी तोडावे. एक-दोन वर्षांच्या वृक्षरोपांचे पाणी शेवटपर्यंत चालू ठेवावे, कारण फुलांचे वाफे एका हंगामात पुन्हा उभे राहतात, वृक्षाला मात्र अनेक वर्षे लागतात.

बागकाम करणाऱ्यांनाही उष्णतेचा धोका असतो. विदर्भात मे महिन्यात बागेतील कामे सकाळी लवकर व सायंकाळी करतात. साधारणपणे ११ ते ४ या वेळेत उघड्यावर काम करू नये.

पावसाळ्याकडे संक्रमण : चंद्रपूर भागात मोसमी पाऊस सामान्यतः जूनच्या मध्यास पोहोचतो. त्यापूर्वी येणाऱ्या वळवाच्या पावसाने पृष्ठभाग भिजतो, पण खालचे थर कोरडेच असतात. म्हणून एका सरीनंतर पाणी देणे थांबवू नये. मांडव एकदम न काढता ढगाळ दिवस पाहून टप्प्याटप्प्याने विरळ करतात. काळ्या जमिनीत पाणी साचू नये म्हणून चर मोकळे करतात व जाड आच्छादन खोडांपासून आणखी दूर सारतात. उन्हाळ्यात कुजलेला आच्छादनाचा खालचा थर मातीत मिसळतात. त्यामुळे जमिनीची ओल धरण्याची क्षमता वर्षानुवर्षे सुधारत जाते. करपलेल्या फांद्या नवी पालवी फुटल्यानंतरच छाटतात. वरून वाळलेले दिसणारे झुडूप पुष्कळदा बुंध्याशी जिवंत असते व पहिल्या चांगल्या पावसानंतर फुटते.